पाहणाऱ्यांची खतावणी

मराठी माणूस हिशेबात कच्चा, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. करमणुकीच्या बाबतीत मात्र ते मुळीच खरे नाही. वर्तमानपत्रातली नाटकाची जाहिरात पाहताना आपली नजर नटनट्यांच्या नावांआधी प्रयोगाच्या क्रमांकाकडे जाते. 'हाऊसफुल्ल'ची पाटी बघून परत फिरलेला प्रेक्षक चिडत नाही, उलट त्या नाटकाविषयी चार घरी सांगत सुटतो. सिनेमा पंचवीस आठवडे चालला की रौप्यमहोत्सव, पन्नास आठवडे चालला की सुवर्णमहोत्सव. बिनाका गीतमालेत अमीन सयानी एकेक 'पायदान' चढत वर जायचे, तेव्हा पहिल्या क्रमांकावर कोणते गाणे येणार यावर घरोघरी पैजा लागायच्या. तेव्हा आजची मुले व्हिडिओ लावण्याआधी त्याच्याखालचा आकडा बघतात, म्हणून त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार निदान आमच्या पिढीला तरी नाही.

फरक आहे तो मोजणीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रशांत दामले यांनी साडेबारा हजारावा नाट्यप्रयोग केला. त्या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तितक्या वेळा तो माणूस तोंडाला रंग लावून उभा राहिला. हाऊसफुल्लच्या पाटीचा अर्थही तसाच सरळ. तितक्या लोकांनी खिशात हात घातला. बिनाकाच्या यादीमागे रेकॉर्डचा खप आणि श्रोता संघांचा कौल असे. व्हिडिओखाली जो कोटींचा आकडा दिसतो, त्याच्यामागे नेमके काय असते?

माझी हयात बँकेत गेली. आमच्या धंद्याचा पहिला धडा असा, की व्हाउचर असल्याशिवाय खतावणीत नोंद होत नाही. रक्कम कितीही मोठी असो, कागद दाखवा. ती सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. त्यामुळे घरातली मंडळी गाणे बघत असतात तेव्हा मी त्याखालची खतावणी तपासत असतो. त्या तपासणीत जे सापडले, ते आज वाचकांपुढे ठेवतो.

एकोणीस सेकंदांची सुरुवात

या साऱ्या पसाऱ्याची पहिली नोंद २३ एप्रिल २००५ ची. अमेरिकेत सॅन दिएगो शहरातल्या प्राणिसंग्रहालयात जावेद करीम नावाचा तरुण हत्तींसमोर उभा राहतो आणि या प्राण्यांची सोंड फार लांब असते, असे काहीसे सांगतो. एकोणीस सेकंदांत संपले. यूट्यूबवर चढवलेला हा पहिला व्हिडिओ. करीम, चॅड हर्ली आणि स्टीव्ह चेन या तिघांनी ही कंपनी काढली. तिघेही आधी 'पेपाल' या पैशांची देवघेव करणाऱ्या कंपनीत होते. म्हणजे एका अर्थी आमच्याच बिरादरीतले! पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००६ मध्ये, गूगलने ती कंपनी १६५ कोटी डॉलरना घेण्याचा करार केला.

त्या सुरुवातीच्या वर्षांतले गाजलेले व्हिडिओ आठवून पाहा. एक अमेरिकन विनोदवीर सहा मिनिटांत पन्नास वर्षांतले नाच एकापाठोपाठ करून दाखवतो, तो २००६ चा. इंग्लंडमधला एक तान्हा भाऊ आपल्या थोरल्या भावाचे बोट चावतो आणि थोरला आधी कळवळतो, मग हसतो, तो २००७ चा. हा दुसरा व्हिडिओ वडिलांनी चढवला तो अमेरिकेतल्या एका स्नेह्याला मुले दिसावीत म्हणून. एका माणसासाठी टाकलेले पत्र गावभर वाचले जावे, तसे झाले. पुढे मे २०२१ मध्ये त्या छप्पन्नेक सेकंदांच्या फितीची डिजिटल मालकी लिलावात ७ लाख ६० हजार ९९९ डॉलरना गेली. चावणारा बाळ तोवर मिसरूड फुटण्याच्या वयाला आला होता.

तीनशे एकचे कोडे

त्या काळी एक चमत्कारिक गोष्ट सर्वांच्या नजरेस पडत असे. नवा व्हिडिओ गाजू लागला की त्याचा आकडा ३०१ वर येऊन थबकायचा. 'आवडले' म्हणणारे पाच हजार आणि पाहणारे तीनशे एक! लोकांनी त्यावर नाना तर्क लढवले. खुलासा २०१२ मध्ये झाला, तेव्हा मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखे वाटले.

बँकेत टेलरला ठराविक रकमेपर्यंतचा चेक स्वतःच्या अधिकारात देता येतो. रक्कम वाढली की तो चेक अधिकाऱ्याच्या टेबलावर येतो, सही जुळवली जाते, खाते पाहिले जाते आणि मगच पैसे मिळतात. यूट्यूबचेही तसेच होते. पहिली तीनशे दर्शने यंत्र विनातपासणी मांडून टाकत असे. त्यापुढे मात्र ही खरी माणसे आहेत की कोणी संगणक लावून आकडा फुगवतो आहे, याची छाननी होई आणि तोवर पाटी स्थिर राहत असे. मग तीनशेवर न थांबता तीनशे एकवर का? तर आज्ञावली लिहिणाऱ्याने 'तीनशेपेक्षा कमी' असे न लिहिता 'तीनशे किंवा त्याहून कमी' असे लिहिले होते, म्हणून एक जादा. ऑगस्ट २०१५ मध्ये ही थांबण्याची पद्धत बंद झाली.

मला त्या ३०१ विषयी आदर वाटतो. तिथे निदान 'तपासणी चालू आहे' अशी प्रामाणिक कबुली होती.

खण अपुरा पडला

जुलै २०१२ मध्ये दक्षिण कोरियाच्या 'साय' या गायकाचे 'गंगनम स्टाइल' आले. गंगनम हा सोल शहरातला श्रीमंतांचा भाग. तिथल्या ऐटीची टर उडवणारे ते गाणे. शब्द एकालाही कळत नव्हते, पण घोड्यावर बसल्यासारखा तो नाच साऱ्या जगाने केला. पुढच्या लग्नसराईत आमच्या गल्लीतल्या वरातीतही नवरदेवाचे मामा खऱ्या घोड्याशेजारी तोच खोटा घोडा उडवत होते. २१ डिसेंबर २०१२ रोजी ते गाणे शंभर कोटींवर पोहोचले. तिथवर पोहोचलेला तो पहिला व्हिडिओ.

खरी गंमत डिसेंबर २०१४ मधली. यूट्यूबने जाहीर केले, की या गाण्याने आमचा मोजणीचा खणच अपुरा पाडला! तो आकडा होता २,१४,७४,८३,६४७. म्हणजे दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. हाच का? संगणक आपल्यासारखे दहा अंक वापरत नाही, त्याच्याकडे शून्य आणि एक एवढेच. आकड्यासाठी अशी बत्तीस घरे ठेवली आणि त्यांतले एक अधिक-उणे चिन्हासाठी वापरले, तर उरलेल्या एकतीस घरांत मावणारा सर्वांत मोठा आकडा तो हाच. स्लिपवर रकमेसाठी सातच चौकोन छापलेले असावेत आणि ग्राहकाने कोटीचा भरणा आणावा, तशी वेळ. अभियंत्यांनी हे काही महिने आधीच ओळखून घरे चौसष्ट करून ठेवली होती, असे कंपनीने नंतर सांगितले. नव्या खणात सुमारे ब्याण्णव हजार कोटी कोटी मावतात. आता निदान एखाद्या गाण्यामुळे तरी तो भरायचा नाही.

जाता जाता सांगतो, हाच आकडा पुन्हा भेटणार आहे. अनेक संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ सांगतात. ज्यांच्याकडे अजून बत्तीस घरांचा जुना खण आहे, त्यांचा तो १९ जानेवारी २०३८ रोजी भरेल. सन १९९९ च्या अखेरीस वर्षासाठी दोनच अंक ठेवल्यामुळे बँकांची जी धावपळ झाली, तिचे हे धाकटे भावंड. खण आखताना माणूस नेहमी आपल्या आजच्या गरजेपुरताच आखतो.

त्या दिवशी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. गाणे सव्वाचार मिनिटांच्या आतबाहेरचे. २१४ कोटी वेळा ते पूर्ण पाहिले गेले असे धरले, तर माणसांची सुमारे सतरा हजार वर्षे त्यात गेली! मग पेन्सिल खाली ठेवली, कारण सारा हिशेब 'पूर्ण पाहिले असे धरले' या चार शब्दांवर उभा होता.

एक पाहणे म्हणजे किती?

'बेबी शार्क' हे बालगीत नातवंडे असलेल्या प्रत्येक घराला पाठ आहे. तेही कोरियातलेच, 'पिंकफाँग' या कंपनीचे, जून २०१६ मध्ये आलेले. जानेवारी २०२२ मध्ये ते एक हजार कोटींवर पोहोचले. तेव्हा पृथ्वीवर आठशे कोटी माणसेही नव्हती! म्हणजे आकडा माणसांचा नाही. वरणभाताचा घास तोंडात जावा म्हणून आई तेच गाणे अकराव्यांदा लावते, तेव्हा अकरा नोंदी होतात. त्यांतले बाळाने किती पाहिले आणि किती वेळ त्याचा डोळा लागला होता, हे खतावणीला माहीत नसते.

पुढची पायरी २०१९ ची. त्या जुलैत एका भारतीय रॅप गायकाच्या नव्या गाण्याला चोवीस तासांत साडेसात कोटी दर्शने मिळाली, जागतिक विक्रम झाला, असा गाजावाजा झाला. यूट्यूबने मात्र त्या विक्रमावर शिक्का मारला नाही. आकड्याचा मोठा भाग पैसे मोजून दाखवलेल्या जाहिरातींतून आला होता. त्यात नियमबाह्य काही नव्हते, जगातल्या इतरही कंपन्या तेच करत होत्या. सप्टेंबरात नियम बदलला आणि चोवीस तासांच्या विक्रमातून जाहिरातींची दर्शने वगळली गेली. आमच्याकडे ३१ मार्चला ठेवींचा आकडा मोठा दिसावा म्हणून दोन दिवसांसाठी ठेवी गोळा करणारे व्यवस्थापक मी पाहिले आहेत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या ठेवी आल्या वाटेने परत जायच्या.

नोव्हेंबर २०२१ मध्ये 'नावडले' म्हणणाऱ्यांची संख्या लोकांना दाखवणे बंद झाले. टोळक्याने ठरवून छोट्या कलावंतांवर नापसंतीचा मारा होतो, तो टळावा, हे कारण कंपनीने दिले आणि त्यात तथ्यही आहे. पण हिशेबाच्या दृष्टीने पाहिले, तर जमेची बाजू दिसत राहिली आणि नावेची बाजू झाकली गेली.

आणि सर्वांत बोलकी नोंद ३१ मार्च २०२५ ची. हल्ली अंगठ्याने वर सरकवत बघायचे छोटे व्हिडिओ असतात, त्यांना 'शॉर्ट्स' म्हणतात. आधी काही सेकंद थांबून पाहिले तरच त्याचे एक दर्शन धरले जाई. त्या दिवसापासून किमान वेळेची अट गेली. व्हिडिओ सुरू झाला की एक, पुन्हा सुरू झाला की आणखी एक. अंगठा जरासा अडखळला, तरी नोंद पक्की. एका रात्रीत आकडे वाढले. मात्र कलावंताला पैसे देताना कोणता आकडा धरायचा? तर जुना, खरोखर थांबून पाहणाऱ्यांचा. हे कंपनीने लपवलेले नाही, उघड सांगितले आहे. तरीही माझ्यातला तपासनीस चुळबुळला. गिऱ्हाइकाला दाखवायची वही वेगळी आणि पैसे मोजायची वही वेगळी, हे चित्र पेढ्यांच्या इतिहासात नवे नाही. ज्या आकड्यावर खुद्द मालक पैसे द्यायला तयार नाही, त्या आकड्यावर आपण आपली आवडनिवड का ठरवावी?

मांजर आणि ओव्या

हे सारे दूर कॅलिफोर्नियातले, आपल्याला काय त्याचे, असे मीही म्हणालो असतो. पण सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि मोजणीचे हे यंत्र आपल्या माजघरात येऊन बसले.

माझी थोरली बहीण मिरजेला असते. ऐंशी ओलांडली, पण आवाज खणखणीत. तिची नात कॉलेजात शिकते. दोन वर्षांपूर्वी तिने दुपारच्या वेळी डब्याला मोबाइल टेकवून आजीच्या ओव्या टिपायला सुरुवात केली. जाते कधीच परसात उलटे पडले आहे, त्यामुळे अक्का तांदूळ निवडता निवडता म्हणते. असे अकरा व्हिडिओ झाले. सर्वांत जास्त पाहिला गेलेला १४३ वर होता आणि त्यांत निम्मे आम्ही नातेवाईक.

एके दिवशी मांजराने दुधाच्या पातेल्यात तोंड घातले आणि अक्काने अस्सल मिरजी भाषेत त्याची सात पिढ्यांपर्यंत चौकशी केली. नातीचा मोबाइल चालूच होता. ते अठ्ठावीस सेकंद नऊ लाखांवर गेले! त्यानंतर घरात रोज एकच विनंती सुरू झाली, "आजी, मांजराला परत एकदा रागव ना."

मध्यंतरी नातीचा मला फोन आला.

"आजोबा, ओव्यांचे व्हिडिओ काढून टाकू का? मैत्रिणी म्हणतात, कमी व्ह्यूजचे व्हिडिओ असले की चॅनेल खाली जातं."

"अक्काला विचारलंस?"

"विचारलं. ती म्हणते, नऊ लाख लोकांनी मांजर बघितलं. ओव्या कुणी ऐकल्या, ते तेवढं सांग."

प्रश्न बिनतोड होता. मी नातीला म्हटले, "मग सांग की तिला. १४३ च तर आहेत, त्यांखाली कोणी काय लिहिलंय ते वाच."

तिने वाचले. बहुतेक हात जोडलेली चित्रे. एक मजकूर मात्र निपाणीकडच्या एका बाईचा होता. ही ओवी माझी आई म्हणायची, मला अर्धीच आठवत होती, आज पुरी मिळाली, असे लिहून तिने त्याच चालीतली दुसरी ओवी खाली दिली होती. अक्काला ती माहीत नव्हती. तिने नातीकडून ती तीनदा वाचून घेतली, चौथ्यांदा स्वतः म्हटली आणि नातीला म्हणाली, "लिहून घे वहीत."

नऊ लाखांच्या नोंदीमागे मला व्हाउचर दिसले नाही. या एका नोंदीमागे दिसले. नातीने ओव्या काढल्या नाहीत. मांजराचे व्हिडिओही ती अजून करते आणि त्याबद्दल मी तिला दोष देत नाही. तिच्या वयात कोणाला आपली दखल घेतली जावी असे वाटत नाही? पण १४३ हा आकडा लाजेचा नाही, एवढे तिला उमगले.

वही कोणाच्या मालकीची?

आणखी एक गोष्ट बँकेतला माणूस म्हणून सांगितली पाहिजे. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, तरी ग्राहकाची शिल्लक नव्या वहीत जशीच्या तशी जाते. इथे तशी सोय नाही. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. बंदीची कारणे राष्ट्रीय सुरक्षेची होती, त्यांत इथे शिरत नाही. पण शेताच्या बांधावर आणि भाजीच्या गाड्याशेजारी नाचणाऱ्या, नकला करणाऱ्या कितीतरी माणसांची लाखांची 'शिल्लक' एका रात्रीत दिसेनाशी झाली. त्यांना ती दुसऱ्या पेढीत नेता आली नाही. तिथे सगळे पुन्हा शून्यापासून.

याउलट एक जुने काम पाहा. गिरणीवर पीठ मिळू लागले आणि गावोगावची जाती थांबू लागली, त्या काळात हेमा राईरकर, गी पॉइतवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. कागदावर उतरवल्या, अनेक ध्वनिमुद्रित केल्या. एकेका ओवीखाली म्हणणारीचे नाव, तिचे गाव. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' अर्थात 'पारी'ने हा ठेवा सर्वांसाठी खुला करायला घेतला, तोही आवाज आणि व्हिडिओंसह. त्या बायका पहाटे दळत होत्या तेव्हा ऐकायला शेजारची जाऊ किंवा पाळण्यातले मूल, एवढेच. तेवढ्या श्रोत्यांवर ती ओवी पिढ्यान्‌पिढ्या टिकली. कारण ऐकणारीला ती पुढे म्हणायची होती.

पाहणे मोजता येते, आणि कंपन्यांनी ते खुशाल मोजावे. त्यांचा धंदा त्यावर चालतो. मात्र पुढे देणे मोजणारा खण अजून कोणत्याही संगणकात नाही, तो आपल्याकडेच आहे. रविवारी घरात सगळे जमले की ज्याने त्याने आपापल्या मोबाइलमधला एक व्हिडिओ दुसऱ्याला दाखवावा आणि का दाखवतो आहोत ते एका वाक्यात सांगावे. खालचा आकडा कोणी वाचू नये. कारण सांगता आले नाही, तर व्हिडिओ लावूच नये. पहिल्या रविवारी बरेच मोबाइल खिशात परत जातील. ज्याला कारण सांगता येईल, त्याचा व्हिडिओ मात्र सगळे शेवटपर्यंत बघतील.